दाराशी एक

बाईंच्या फाटकाला बेल होती, पण नुसती बेल वाजवून उपयोग नव्हता. बेल वाजली की बाई आतूनच विचारायच्या, "कोण?" आणि या प्रश्नाला त्यांना पूर्ण नाव लागायचं. "मी" म्हटलं तर दार उघडायचं नाही. "दूधवाला", "शेजारची", "पिंटूची आई" म्हटलं तरी नाही. यवतमाळच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी रोज कोणी ना कोणी चुकायचंच.

एकदा डोक्यावर टोपली घेऊन एक नवी बाई आली. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते.

"कोण?" बाईंनी आतून विचारलं.

"भाजीवाली."

"तो तुमचा धंदा झाला. नाव काय?"

"नाव घेऊन काय करता माय, वांगे घ्या नं. सकाळीच तोडले."

"वांगी घेते. नाव सांगा."

"पोथी लिहून राह्यल्या काय माह्यी?"

"हो, लिहिते."

ती माझ्याकडे बघून हसली, मग उगाच पदर सारखा करून हळूच म्हणाली, "कौसल्या."

"आणि आईचं?"

"आता मायचंई पाह्यजे? तिले जाऊन पंधरा वर्सं झाले."

"म्हणून तर विचारते," बाई म्हणाल्या आणि दार उघडलं. त्यांच्या हातात वही होती. त्या वहीत त्यांनी कौसल्याबाईंचं नाव लिहिलं, त्यांच्या आईचं लिहिलं, आणि मग अर्धा किलो वांगी घेतली. वांग्यात दोन किडकी निघाली. त्यावर बाईंनी दुसऱ्या दिवशी कौसल्याबाईंना नावानिशी झापलं.

ही नावांची वही त्यांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर सुरू केली होती. पहिल्या पानावर पहिलं नाव त्यांचं स्वतःचं होतं, खाली आईचं, आजीचं, पणजीचं. त्यापुढे गल्लीतली, बाजारातली, दवाखान्यात शेजारी बसलेली, बसमध्ये भेटलेली अशी कितीतरी नावं. मोबाइलमध्येही त्यांचा हाच नियम होता. "गॅसवाला", "प्लंबर" असं त्या कधी साठवायच्या नाहीत, माणसाचं पूर्ण नाव टाकायच्या. त्यामुळे सिलिंडर संपलं की फार पंचाईत व्हायची. गॅस आणणाऱ्याचं नाव आठवेपर्यंत आम्ही दोघी त्यांची यादी 'अ'पासून वाचत बसायचो. एकदा चुकून एका निवृत्त नायब तहसीलदारांना फोन लागला आणि बाईंनी त्यांना सिलिंडर सांगून ठेवलं.

मी बाईंच्या मागच्या खोलीत तीन वर्षं राहिले. आमचं गाव राळेगाव तालुक्यात. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मीच पहिली. वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून वडील आणि मी खोली शोधत फिरत होतो. तीन घरांत सगळं ठरलं, मग त्यांनी आडनाव विचारलं, आणि मग त्यांना आठवलं की खोली कालच दिली. चौथं घर बाईंचं. त्यांनी आडनाव विचारलं नाही. माझं नाव विचारलं, आईचं विचारलं, आजीचं विचारलं. मग म्हणाल्या, "पणजीचं?"

मी वडिलांकडे पाहिलं. वडील चपला हातात धरून ओट्याखाली उभे होते.

"म्हातारीच म्हणत सारे तिले," ते म्हणाले. "नाव तं नाई आयकलं कधी."

बाईंनी माझ्या आजीच्या नावाखाली एक ओळ कोरी सोडली. "मिळालं की सांगा," असं वडिलांना म्हणाल्या, आणि मग, "वर या ना. खाली काहून उभे?" खोलीचं भाडं नको म्हणाल्या. त्यांना काचबिंदू होता. रोज संध्याकाळी दोन तास मी त्यांना वाचून दाखवायचं आणि त्या सांगतील ते कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं, एवढंच ठरलं. माझ्या आईचं नाव शेवंता. त्या दिवसापासून बाई मला "शेवंताची" म्हणूनच हाक मारायच्या. कॉलेजात मी जपून शुद्ध बोलायचे आणि खोलीवर येऊनही तसंच बोलायचे, तर त्या म्हणायच्या, "ए शेवंताचे, घरी मले-तुले म्हणतेस ना? मग माझ्यासमोर कायले तोंड आवळून बोलतेस?" पण मला त्यांच्यासमोर ते कधी जमलं नाही.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. गल्लीतल्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवावं की नाही, यावर दर संक्रांतीला चर्चा व्हायची आणि बाई न बोलावता जायच्या. एका वर्षी त्यांनी स्वतः वाण वाटलं. वाण म्हणजे मतदार नोंदणीचा फॉर्म आणि एक पेन. बायका फॉर्म उलटसुलट करून पाहू लागल्या.

"मागच्या साली स्टीलच्या डब्या होत्या," एकजण म्हणाली.

"डबीत काय ठेवलंस?" बाईंनी विचारलं.

"जिरे."

"जिरं संपलं. हे संपत नाही."

ती बाई तोंडावर काही बोलली नाही, पण फाटकाबाहेर जाताना म्हणाली, "पोरगं ना बाळ, तवा सुचते असं." बाईंनीही ऐकलं. त्या दिवशी त्यांनी चार वाजताची भाकर खाल्ली नाही. एरवी चार वाजता स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्याने ज्वारीची भाकर आणि कच्चा कांदा खाण्याचा त्यांचा नेम होता. तो चुकलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

मतदानाच्या दिवशी तर त्या सकाळी सहालाच शाळेच्या फाटकाशी जाऊन बसायच्या. माझं नाव गावच्या यादीत होतं. दुसऱ्या दिवशी माझी तोंडी परीक्षा होती, म्हणून मी जाणार नव्हते. बाईंनी माझ्या खोलीला बाहेरून कुलूप लावलं, पुस्तकं आत ठेवली, आणि मला पहिल्या एसटीत बसवून दिलं. "बोट दाखव आणि किल्ली घे," म्हणाल्या. मी दुपारी परत आले, बोट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शाई नीट पाहिली आणि म्हणाल्या, "यासाठी माझ्या पणजीने काय केलं ते तुला माहीत नाही." मग मला ते सांगायला घेतलं, आणि परीक्षेचा अभ्यास राहिलाच.

त्यांचं सगळं आयुष्य त्या पणजीभोवती फिरत होतं. ती एकोणिसाव्या शतकातली. लहानपणीच लग्न झालं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, सरस्वती. माहेरचं नाव गोदू होतं, ते त्या तांदळाखाली गेलं. पण भावाच्या पुस्तकांवरून ती माहेरीच वाचायला शिकली होती. सासरचं गाव राळेगावकडचंच, आमच्या गावापासून फार लांब नाही. तिथे तिने बायकांचं मंडळ काढलं. नाव हळदीकुंकवाचं, पण दार लोटलं की ही महिनाभर जुनं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची. विधवांनाही बोलवायची, कुंकू न लावता गूळ द्यायची. मंडळाचा एक नियम होता. आत आलं की प्रत्येकीने आपलं माहेरचं नाव सांगायचं, आणि बाहेर पडेपर्यंत तिला त्याच नावाने हाक मारायची. जी चुकेल तिने पुढच्या वेळी गूळ-फुटाणे आणायचे.

या मंडळाची वही बाईंकडे होती. लांबट, जाड पुठ्ठ्याची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. बाळबोध अक्षरात दर बैठकीची नोंद. हजर किती, काय वाचलं, गूळ कोणी आणला. ती वाचून, उतरवून बाईंना पणजीवर एक प्रकरण लिहायचं होतं. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत होता, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची छापील नोंद, कोणाचा मुलगा कोण. त्याची नवी आवृत्ती निघणार होती. जुन्या आवृत्तीत पणजीबद्दल चार शब्द होते, "पत्नी सरस्वती. पुत्र तीन." तिला दोन मुलीही होत्या, त्या त्यात नव्हत्या.

"चार शब्द," बाई म्हणायच्या. "आमच्या घराण्यात बैल मेला तरी चार ओळी लिहितात."

बाईंना बाकी काही नको होतं. डोळे पूर्ण जाण्याआधी पणजी त्या पुस्तकात गेलेली त्यांना पाहायची होती.

मी म्हटलं, फोनवर सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवते. बाईंनी वही मिटली. "फोटो काढला की माणूस वाचत नाही. मग वाचू, मग वाचू करत ठेवून देतो. हाताने उतरव." त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. फोटो काढले असते तर मी ती वही इतकी वाचली नसती. पण फोटो काढायला हवे होते.

वहीचा शेवटचा भाग पणजीच्या म्हातारपणातला. बायकांनाही मत द्या, असा सरकारला अर्ज करायचं मंडळाने ठरवलं. सह्या गोळा झाल्या, अंगठे झाले. सगळ्यांनी मंडळाच्या नियमाप्रमाणे माहेरची नावं लिहिली. गोदू, भिवरा, यमू, ठकी. नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही. अर्ज कचेरीतून परत आला. या नावांच्या स्त्रिया सदर गावी राहत नाहीत, असा शेरा होता. ते वाचलं की बाई प्रत्येक वेळी हसायच्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अख्खं मंडळ गावातून नाहीसं केलं गं एका कारकुनाने." मग त्यांना आपोआप राग यायचा आणि त्या भाकर करायला उठायच्या.

याच पानांवर मला ती नोंद सापडली. मी मोठ्याने वाचत होते. "हजर अठरा. दाराशी एक, महारवाडा." मी थांबले. पुढच्या बैठकीची नोंद, "हजर वीस. दाराशी एक." त्याच्या पुढची, "हजर सतरा. दाराशी एक. पाऊस असूनही." अशा सात बैठका. मग अर्जाच्या सह्यांची बैठक. ती नोंद मी इथे आठवेल तशी लिहिते, कारण आता ती दुसरीकडे कुठे नाही. "दाराशीची म्हणाली, मीही अंगठा देते. कागदावर जागा उरली नाही असे सांगितले." आणि पुढच्या बैठकीला, "हजर एकोणीस. दाराशी कोणी नाही."

त्यापुढे ती परत आली नाही. म्हणजे वहीत आली नाही.

मी म्हटलं, "बाई, हिचं नाव नाही."

"हं."

"सगळ्यांची आहेत. गूळ आणणारीचंसुद्धा आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "माझे डोळे होते तेव्हा ही वही मी पाच वेळा वाचलीय. पुढचं वाच."

मी पुढचं वाचलं. सगळं टाइप केलं, त्या ओळींसकट. आठवड्याने प्रकरण पूर्ण झालं आणि मी ते बाईंना सुरुवातीपासून वाचून दाखवलं. त्या ओळी आल्या तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हे काढ."

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"हे बघ, कुलवृत्तांताची समिती आधीच नाही म्हणायला कारण शोधून राहिली आहे. त्यांना हे दिसलं की म्हणतील, कशाला जुनं उकरायचं, वाद नकोत. आणि सगळं प्रकरणच बाजूला ठेवतील. आधी तिला आत जाऊ दे. पुढच्या आवृत्तीत हेही घालू. मी स्वतः घालीन."

"वेगळी टीप म्हणून खाली..."

"शेवंताचे, काढ म्हणते ना."

मी काढलं. एक एक ओळ निवडून पुसली. नऊ ठिकाणी होतं. तेव्हा मला राग आला नाही, हे मला आता जास्त लागतं. मला वाटलं, बाई मोठ्या आहेत, त्यांना कळतं. तीन आठवड्यांवर परीक्षा होती. आणि कागदावर जागा उरली नाही, हे वाक्य आणि बाईंचं वाक्य एकच आहे, हे माझ्या लक्षात यायला फार दिवस लागले.

समितीचे प्रमुख बाईंचे भाचे होते, त्यांच्या भावाचे चिरंजीव. यवतमाळातच राहायचे. बोलायला गोड. प्रकरण वाचून ते स्वतः घरी आले. फाटकाशी त्यांनाही पूर्ण नाव सांगावं लागलं, तेव्हा त्यांचा चेहरा थोडा उतरला.

"आत्या, काम फार छान झालंय. पण समितीचं म्हणणं, ही गोदू म्हणजे आपल्या सरस्वतीबाईच कशावरून?"

"वही आपल्या घरात निघाली."

"घरात कोणाकोणाच्या वह्या निघतात. पुरावा हवा ना. उद्या कोणी विचारलं तर?"

"कचेरीनेही हेच म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. भाच्यांना ते कळलं नाही.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "टायपिंग हिने केलं का? व्वा. कुठली तू?"

मी गाव सांगितलं.

"पूर्ण नाव काय?"

मी सांगितलं. ते किंचित थांबले. "अच्छा. चांगलं आहे. शिकून राहिले आता सगळेच," ते म्हणाले. जाताना मूळ वही समितीला दाखवायला म्हणून घेऊन गेले. बाईंनी ती लुगड्याच्या तुकड्यासकट दिली आणि फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेल्या. "जपून आण," असं त्या तीनदा म्हणाल्या. त्यांना कोणाला काही तीनदा सांगताना मी पाहिलं नव्हतं.

पुरावा मिळाला, तोही भाच्यांच्याच घरात. त्यांच्या नातीचं बारसं होतं. बाईंना दिसायचं कमी म्हणून मी हात धरून घेऊन गेले होते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक पितळी घागर होती आणि तिच्यात प्लास्टिकची सूर्यफुलं खोचलेली. बाई तिच्याजवळ बसल्या होत्या. भांडं दिसलं की त्याच्या गळ्यावरून बोट फिरवून नाव घातलंय का पाहायची त्यांना सवय होती. त्यांचं बोट थांबलं. त्यांनी सूर्यफुलं उपसून सोफ्यावर ठेवली, घागर मांडीवर घेतली आणि मला म्हणाल्या, "वाच."

गळ्यावर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं होतं, "चि. गोदूस, वडिलांकडून, विवाहप्रसंगी." आणि त्याखाली दुसऱ्या हाताने, नंतर कोरलेलं, या घराण्याचं आडनाव.

मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा थोडं मोठ्याने. पाळण्याभोवतीच्या बायका वळून बघायला लागल्या. भाचे आले.

"ही घागर कुठली?" बाईंनी विचारलं.

"ती होय? ती आम्ही जुन्या भांड्यांच्या दुकानातून आणली आत्या. शोभेला."

त्यांच्या बायकोच्या हातात घुगऱ्यांचं ताट होतं. त्या सहज म्हणाल्या, "अहो, ती सासूबाईंच्या माळ्यावरची ना? मीच तर चिंचेने घासली."

भाच्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मला नक्की आठवत नाही," त्या म्हणाल्या आणि घुगऱ्या वाटायला गेल्या.

बाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सूनबाई, तुझं माहेरचं नाव काय गं?" पण त्या पुढे निघून गेल्या होत्या. पाळण्यात मुलीच्या कानात नाव सांगितलं, पाठीवर धपाटे पडले, बायका हसल्या. घागरीत कोणीतरी सूर्यफुलं परत खोचली.

पुस्तक आलं ते माझ्या शेवटच्या वर्षी. जाड, चकचकीत, पहिल्या पानावर घराण्याच्या मूळ पुरुषाचं काल्पनिक चित्र. बाईंना आता अगदीच दिसत नव्हतं. मी पान शोधलं.

"वाच."

"पत्नी सरस्वती. धर्मपरायण, सुगरण. पुत्र तीन."

"पुढे?"

"एवढंच आहे बाई."

त्यांनी पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "सुगरण? तिचं पिठलं रोज करपायचं, माझी आजी सांगायची. वाचत बसायची म्हणून." आणि थोड्या वेळाने, "दोन शब्द वाढवले म्हणजे. बरं झालं."

त्यांनी भाच्यांना फोन लावला. कुलवृत्तांताबद्दल काही बोलल्या नाहीत, फक्त वही परत मागितली. तिकडून आवाज मलाही ऐकू येत होता. समितीच्या कार्यालयाची जागा बदलली, त्या गडबडीत सामान इकडेतिकडे झालं, शोधून राहिलो आहोत, मिळाली की आणून देतो. "आत्या, तुमच्याकडे टाइप केलेलं आहे ना सगळं? मग काळजी कशाची?"

फोन ठेवून बाईंनी मला विचारलं, "तुझ्याकडे ते दाराशीचं आहे ना?"

"नाही."

"वेगळं ठेवलं असशील."

"नाही बाई. तुम्ही काढ म्हणालात, मी काढलं."

"सगळं?"

"नऊच्या नऊ."

त्यांचा हात टेबलावर काहीतरी शोधत होता, सापडलं नाही. "मी म्हटलं आणि तू काढलंस. काहून ऐकलंस माझं? तू तरी..."

मला त्या तीन वर्षांत त्यांना कधी उलट बोलता आलं नव्हतं. तेव्हाही मी भांडले नाही. पण जे होतं ते तोंडातून गेलं. आणि शुद्ध करायला वेळ मिळाला नाही.

"खोली तुमची होती बाई. मले राह्याचं होतं."

बाईंनी मान हलवली. मी भांडी घासायला उठले, पाणी मुद्दाम जोरात सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर नावांची वही आणि पट्टी होती. "माझ्या पानावर आण," म्हणाल्या. मी पहिलं पान काढून दिलं. त्यांनी मला त्यांचं बोट त्यांच्या नावावर ठेवायला लावलं, त्याला लावून पट्टी ठेवली, आणि पेनने एक रेघ ओढली. दिसत नसल्यामुळे रेघ थोडी खाली गेली आणि त्यांच्या आईच्या नावाला लागली. ते मी त्यांना सांगितलं नाही.

"आता तुझ्या पानावर."

माझ्या आजीच्या नावाखालची ओळ तीन वर्षं कोरी होती. त्याखाली त्यांनी मला लिहायला सांगितलं, "दाराशी एक". आणि पुढे जागा सोडायला सांगितली.

"तुझी ती कोणी असेल असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण विचार. तुमच्याकडची म्हातारी माणसं असतील. तिचं नाव मिळालं तर लिही आणि मग माझं परत लिही. तोवर कुठे माझ्याबद्दल काही लिहिलंस तर नाव घालू नको."

"बाई, असं कशाला?"

"जागा उरली नाही म्हणून सांग."

मी पास झाले, खोली सोडली. ती वही त्यांनी मला दिली. बाई गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. भाच्यांनी वर्तमानपत्रात निधनाची बातमी दिली, फोटोसकट, पूर्ण नावासकट. त्याखाली स्वतःचं आणि समितीचं नाव. मंडळाची वही अजून सापडलेली नाही. मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "आपण कोण?" मी नाव सांगितलं, तर म्हणाले, "कोण?"

मागच्या उन्हाळ्यात मी बाईंच्या पणजीच्या सासरच्या गावाला गेले. आमच्या लोकांच्या वस्तीत बुद्धविहाराच्या सावलीत चार म्हातारी माणसं बसली होती. मी सगळं सांगितलं. दारात बसून ऐकणारी एक बाई, पावसातही यायची, अंगठा द्यायला निघाली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कोनाच्या घरची?" एकाने विचारलं.

"ते लिहिलं नाही."

"मंग कसं सापडन पोरी?"

त्यांच्यातली एक आजी खूप म्हातारी होती, तिला कमी ऐकू यायचं. तिला पुन्हा मोठ्याने सांगितलं. ती म्हणाली, "आमची बुढी सांगे, एका बाईले तिच्या मालकानं लय मारलं, वाड्याच्या दारी कायले बसते म्हणून. तेच का?"

"तिचं नाव काय होतं?"

आजीने आठवायचा प्रयत्न केला. मी वही उघडून, पेन घेऊन तिच्यासमोर बसले होते. तिचे ओठ दोन-तीनदा हलले. मग ती म्हणाली, "बुढी तिले 'ते बाई'च म्हणे."

वही माझ्याकडे आहे. त्या पानावरच्या दोन्ही जागा कोऱ्या आहेत. म्हणून वर कुठेही बाईंचं नाव नाही.